सर्फिंग शिकायचंय? गोवा ते कोवळम, कुठल्या बीचवर जायचं आणि कधी

दर दिवाळीच्या आसपास ऑफिसात कोणीतरी विचारतंच, अरे तू ते सर्फिंग करतोस ना, गोव्यात कुठला बीच चांगला सांग ना, आम्ही चाललोय. मी उलट विचारतो, कुठल्या महिन्यात आणि किती वाजता उतरणार पाण्यात? समोरच्याला वाटतं हा भाव खातोय. पण खरंच, एकच बीच डिसेंबरात सकाळी सात वाजता पाळणाघर असतो आणि मे महिन्यात दुपारी धोबीघाट, आणि आपण कपडे.

हे मला अनुभवाने कळलं. पहिल्यांदा मी मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, फिशथाळी हाणून, भाड्याचा बोर्ड घेऊन एकटाच उतरलो होतो. तोच बीच जिथे आदल्या डिसेंबरात सात-आठ वर्षांची पोरं शिकताना बघितली होती, म्हटलं पोरांना जमतं तर आपल्याला काय. दहाव्या मिनिटाला बोर्डाचं नाक हनुवटीवर बसलं, तीन टाके. बोर्ड भाड्याने देणाऱ्याने पैसे घेताना एक अक्षर विचारलं नव्हतं की बाबा कधी केलंयस का. तर हे सगळं त्यासाठी लिहितोय, क्रमाने घ्या, वगळू नका.

१. आधी आपण कुठे आहोत ते खरं खरं सांगा, स्वतःला

टिळक टँकमध्ये वीस लेंग्था मारणारा माणूससुद्धा समुद्रात पहिलीत असतो. पहिलीत म्हणजे पहिली आठ-दहा सेशन्स, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, लाट फुटून गेल्यावर जो पांढरा फेस येतो त्याच्यावर बोर्ड ढकलायचा आणि उभं राहायला शिकायचं. खाली वाळू, पाय टेकतायत, बस. इथे लाट सुंदर असण्याची गरजच नाही, उलट जितकी आळशी तितकी बरी.

दुसरीत कधी? फेसावर दहातले सात-आठ वेळा उभे राहताय, बोर्ड सरळ नेता येतोय, आणि फुटणाऱ्या लाटांमधून वल्हवत मागे जाता येतंय. मग न फुटलेली लाट पकडायची, तिला सगळे ग्रीन वेव्ह म्हणतात. गुडघ्यापासून कमरेपर्यंतची, वाळूवरची.

तिसरी म्हणजे लाटेच्या तोंडावर आडवं जाता येतं, वळता येतं, गर्दीत कोणाच्या अंगावर जात नाही. तेव्हा पॉइंट ब्रेक, म्हणजे किनाऱ्याच्या टोकाला लागून एका बाजूला फुटत जाणारी लाट. रीफ म्हणजे खडक-प्रवाळावरची लाट, ती त्याच्याही नंतर, आणि ती कधी झेपेल हे तुम्हाला हा लेख वाचून ठरवायची वेळ येणार नाही.

बहुतेक लोक स्वतःला एक इयत्ता वर धरतात. मीपण.

२. महिना बघून किनारा ठरवा

हे लोक करतच नाहीत, आधी विमानाचं तिकीट काढतात मग विचारतात.

पश्चिम किनारा (गोवा, कर्नाटक, केरळ) नवख्यांसाठी ऑक्टोबर ते मार्च. जून ते सप्टेंबर विसरा, पावसाळ्यात अरबी समुद्र नवख्यांचा नाही, गोव्यात तर तेव्हा लाइफगार्ड लाल झेंडे लावून पाण्यात उतरूच नका सांगतात आणि ते उगाच सांगत नाहीत. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर पावसाळ्याचं उरलंसुरलं बळ असतं, दुसरीतल्यांना मजा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लाट लहान, कधीकधी इतकी लहान की तलाव. एप्रिल-मेमध्ये परत मोठी व्हायला लागते.

पण जून ते ऑगस्टमध्येच सुट्टी मिळतेय तर? मग पूर्वेला जा, तमिळनाडूत. तिकडे तेव्हा नैर्ऋत्येचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, सकाळी पाणी इस्त्री केल्यासारखं आणि दक्षिणेकडून लाटा येतच असतात. आणि ऑक्टोबर ते डिसेंबर उलट, तिकडे ईशान्य मान्सून, वादळं, तेव्हा पश्चिमेला राहा. म्हणजे भारतात राहून जवळपास वर्षभर कुठे ना कुठे जमतं.

३. मग आपल्या कोकणात का नाही?

हा प्रश्न येणारच, म्हणून इथेच. मी आजोळचा देवगडचा, मला तर फार वाटतं की असावं. पण मुंबईसमोर समुद्राचा उथळ पट्टा, म्हणजे खंडमंच, ३०० किलोमीटरच्या आसपास पसरलाय, खाली केरळपाशी तोच १०० च्याही आत येतो. लांबून येणाऱ्या लाटेला तळ लागला की ती घासत घासत येते, दम जातो. साधा हिशेब बघा, १४ सेकंदांच्या लाटेची, म्हणजे दर १४ सेकंदांनी एक येते तिची, खोल पाण्यातली लांबी ३०० मीटरच्या आसपास, आणि लांबीच्या निम्म्या खोलीला, म्हणजे दीडशे मीटरलाच तिला तळ जाणवायला लागतो. एवढा उथळ पट्टा ओलांडून अलिबागला पोचेपर्यंत तिची काय अवस्था होणार. त्यात गाळ.

देवगड-मालवणकडे परिस्थिती थोडी बरी आहे, पण शिकण्यालायक लाट येते तेव्हा पावसाळा असतो आणि बाकीच्या महिन्यांत बरेचदा काहीच नसतं. आणि गणपतीपुळ्यासारखे काही किनारे दिसायला शांत पण उतार एकदम आणि ओढ जबरदस्त, तिथे दरवेळी बुडण्याच्या बातम्या येतात, तिथे बोर्ड घेऊन प्रयोग करू नका प्लीज. तारकर्लीला स्कुबा करा, सोलकढी प्या, सर्फिंगला पुढची गाडी पकडा.

४. वाळू हातात घेऊन बघा

हे मला कर्नाटकातल्या मुल्कीच्या एका शिकवणाऱ्या पोराने दाखवलं. त्याने वाकून मूठभर वाळू घेतली, बोटांत चोळली आणि म्हणाला हे बघ, मैदा. वाळू बारीक असेल तर किनारा सपाट असतो, लाट लांबवर फुटते आणि हळूहळू ओघळत येते. वाळू भरड, रव्यासारखी किंवा त्याहून जाड असेल तर किनारा तिरका, चार पावलं गेलं की गळ्याएवढं पाणी, आणि लाट थेट काठावरच आदळते. त्याला शोअर ब्रेक म्हणतात. शोअर ब्रेकवर शिकायचं नाही. माझी हनुवटी त्यातच गेली.

दक्षिण गोव्यातला आगोंद दिसायला स्वर्ग आहे, पण उतार तीव्र आणि ओढ असते, तिथे पोहतानाही जपून, शिकायला नाहीच. उलट उत्तरेला मोरजी-आश्वे-मांद्रे हा सगळा पट्टा सपाट, म्हणूनच शिकवणारे सगळे तिकडे जमलेत.

दुसरं, खडक. आपल्याकडचा जांभा आधीच खरबरीत, त्यावर कालवं चिकटलेली असली की ब्लेडच. ओहोटीला जाऊन एकदा बघून ठेवा खडक कुठे आहेत, भरतीला ते दिसत नाहीत आणि नेमके तिथेच तुम्ही पडता.

५. भरती आणि वारा, यावर तास ठरतो

देवगडचा मामा घड्याळ न बघता भरती सांगतो. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. मुंबई-रत्नागिरीकडे हे बरंच जुळतं, खाली गेलात की अलीकडे सरकतं आणि चेन्नईकडे हे गणित चालतच नाही, तिकडे मोबाइलवरचा टाइड चार्ट बघा.

फरकही प्रत्येक ठिकाणी वेगळा. मुंबईला उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, गोव्यात दोनच्या आसपास, केरळ आणि चेन्नईला जेमतेम एक मीटर. म्हणजे गोव्यात भरती-ओहोटी बघावीच लागते, कोवळमला थोडं दुर्लक्ष चालतं. नवख्यांना ओहोटी संपून भरती लागल्यानंतरचे दोन-तीन तास बरे. पूर्ण भरतीला लाट काठाजवळ येऊन आपटते आणि उतरत्या पाण्यात बाहेरची ओढ वाढते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळून मधल्या भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं त्या दिवसांत गेलात तर अजून चांगलं.

वारा तर शाळेत शिकलोय, खारे वारे आणि मतलई वारे, परीक्षेत लिहून विसरलो. रात्री जमीन थंड होते, पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे, तो मतलई. तो लाटेला समोरून हलका टेकू देतो, लाट उभी राहते, गुळगुळीत राहते, कुठे फुटणार ते कळतं. अकरा-बाराच्या पुढे खारा वारा सुटतो, तो लाटेला मागून ढकलून पाडतो, सगळीकडे नुसती खळबळ. फेब्रुवारी ते मे गोव्यात दुपारी हेच असतं. म्हणून साडेसहाला पाण्यात, नऊला नाश्त्याला. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी अकराला सर्फिंग करू म्हणणाऱ्यांनी बीचवर पुस्तक वाचावं.

६. फोरकास्ट वाचायला दोन मिनिटं लागतात

विंडी हे हवामानाचं अॅप उघडा, किंवा हैदराबादच्या इन्कॉइसची साइट, ती सरकारी आणि फुकट आहे. उंची सगळे बघतात, सेकंद कोणी बघत नाही. तो सेकंदांचा आकडा म्हणजे दोन लाटांमधला वेळ, पिरियड. १ मीटर ६ सेकंद म्हणजे जवळपासच्या वाऱ्याने उठवलेली चिल्लर, एकामागून एक, मध्ये श्वास घ्यायला वेळ नाही पण जोरही नाही. १ मीटर १४ सेकंद म्हणजे खाली दक्षिण महासागरातल्या वादळाने पाठवलेली, पाच-सहा दिवस प्रवास करून आलेली लाट, आकडा तोच पण काठाला येऊन दीडपट उभी राहते आणि मागे अख्खं पाणी घेऊन येते.

पहिलीतल्यांनी अर्धा-पाऊण मीटर आणि १० सेकंदांपर्यंत, एवढ्यात समाधान माना. दुसरीतल्यांनी मीटरभर, ९ ते १२. पिरियड १५ च्या वर दिसला आणि आकाश निरभ्र, वारा शून्य, असं असेल तर जास्त सावध. केरळात याला कळ्ळक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. वारा नाही पाऊस नाही आणि अचानक पाणी रस्त्यावर. इन्कॉइस त्याचा इशारा आधी देतं, तो आला की त्या दिवशी सुट्टी.

७. वीस मिनिटं उभं राहून बघा

बोर्ड वाळूवर ठेवा, पाण्यापासून लांब, आणि नुसतं बघा. लाटा गटाने येतात, चार-पाच लहान मग तीन मोठ्या, मग शांतता. दोन मिनिटं बघून उतरणारा त्या शांततेत उतरतो आणि मधोमध पोचल्यावर मोठा गट डोक्यावर घेतो.

आणि ओढ शोधा, रिप करंट. पांढऱ्या फेसाच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये एक गडद गल्ली दिसेल जिथे लाटा फुटत नाहीयेत, वरचा फेस बाहेरच्या दिशेने चाललाय. नवख्याला वाटतं वा, इथे शांत आहे, इथूनच जाऊ. तीच ती. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायचा तो रस्ता आहे. खडकाच्या टोकाला, दगडी बांधाला लागून, नदीच्या मुखाशी ती जवळपास कायमची असते. सापडलात तर बोर्ड सोडायचा नाही, बोर्ड म्हणजे तुमची होडी, त्यावर पालथं पडा, किनाऱ्याला समांतर बाजूला वल्हवा, गल्ली संपली की फेसाबरोबर आत या. सरळ किनाऱ्याकडे वल्हवत राहणारा दमतो, आणि दमलेला घाबरतो.

रापण ओढत असतील तर त्या टप्प्यात उतरू नका. जाळं पाण्यात किती लांब पसरलंय ते तुम्हाला दिसत नाही, आणि तो त्यांचा धंदा आहे, तुमची सुट्टी आहे. हाताला हात लावलात तर उलट दोन बांगडे मिळतात, मला मिळालेत.

आता जागा

उत्तर गोवा, मोरजी ते मांद्रे: पहिली इयत्ता. पेडणे किंवा थिवी स्टेशनला उतरा. ऑक्टोबर ते मार्च, सकाळी. फोमचा आठ-नऊ फुटी बोर्ड मिळतो, तोच घ्या, कडक फायबरचा छोटा बोर्ड स्टायलिश दिसतो म्हणून घेऊ नका. लाट कधीकधी अगदीच नसते, मग पैसे वाया गेले असं वाटतं, वाटू द्या. मोरजी आणि मांद्रेला कासवं अंडी घालतात, कुंपण घातलेल्या भागातून बोर्ड घेऊन शॉर्टकट मारू नका. मेच्या आसपास कधी डांबरगोळे येतात, पायाला लागले तर खोबरेल तेलाने निघतात.

गोकर्ण: मेन बीच लांबलचक आणि वाळूचा, शिकायला ठीक. कुडले सुंदर पण दोन्ही टोकांना खडक, मधे राहा. ओम बीचला खडकच खडक, तिथे फोटो काढा.

मुल्की: माझी लाडकी जागा, त्यामुळे थोडं जास्त लिहितो. मंगळूरच्या उत्तरेला, कोकण रेल्वेचं स्वतःचं स्टेशन आहे. भारतात सर्फिंग जिथून मोठं झालं त्यातली ही एक जागा, जॅक हेबनर नावाचे अमेरिकन स्वामी, ज्यांना सगळे सर्फिंग स्वामी म्हणतात, त्यांचा आश्रम इथलाच. शांभवी नदी इथे समुद्राला मिळते, तिने आणलेल्या वाळूचे बांध पाण्याखाली तयार होतात आणि लाट त्यावर फुटते. यात गंमत अशी की दर पावसाळ्यानंतर बांध जागा बदलतात, मागच्या वर्षी जिथे छान लाट होती तिथे यंदा काहीच नाही, त्यामुळे गेल्या गेल्या स्थानिक पोरांना विचारायचं, यंदा कुठे. मुखापासून लांब, सरळ बीचवर पहिली आणि दुसरी इयत्ता दोन्ही निघतात. प्रत्यक्ष मुखाशी मात्र ओढ असते, तिथे सोबत कोणी जाणतं असल्याशिवाय नाही. जवळच ससिहित्लू, तिथे राष्ट्रीय स्पर्धा झाल्यात, म्हणजे ओळखा लाट कशी असेल.

पहिली ग्रीन वेव्ह मला इथेच मिळाली, नोव्हेंबरात, पावणेसातला. शिकवणारा मागून ओरडला, "खाली बघू नको, झाडाकडे बघ!" काठावर एक नारळ होता तिरका, त्याच्याकडे बघत राहिलो आणि एकदम आवाज थांबला. फेसावर कायम खळखळ असते, ग्रीन वेव्हवर ती नसते, फक्त बोर्डाखाली सुर्रर्र. चार सेकंद असेल. मग खाली बघितलं आणि पडलो.

वर्कला: केरळात, नेत्रावती एक्सप्रेसने थेट. उंच कड्याखालचा मुख्य पापनाशम बीच पोहणाऱ्यांचा आणि ओढीचा, शिकायला लोक उत्तरेला एडवाकडे जातात. दुसरीतल्यांना जास्त मानवेल, पहिलीतल्यांनी शिकवणारा घेऊनच. भरतीला काही ठिकाणी पाणी पार कड्याला लागतं, वाळूच उरत नाही, परत यायला जागा कुठे आहे ते आधी बघा. हे कुठल्याही जागी बघायचंच असतं खरं तर, आत जायचा रस्ता सगळे बघतात.

कोवळम, तमिळनाडूचं: केरळातलं नाही, तिकीट काढताना गोंधळ होतो, ऐकलेत असे किस्से. चेन्नईपासून ईस्ट कोस्ट रोडने ४० किलोमीटर. कोळ्यांचं गाव, आणि मूर्ती मेगवन या कोळी माणसाने इथे सर्फिंग उभं केलं. बाजूच्या सरळ बीचवर पहिली-दुसरी, आणि टोकाला उजवीकडे लांब चालणारी लाट, ती तिसरीसाठी. उजवी म्हणजे किनाऱ्याकडे तोंड करून सर्फ करणाऱ्याच्या उजवीकडे, काठावर उभं राहून बघणाऱ्याची डावी. यावरून वाद घालू नका. पहाटे बोटी आत-बाहेर करतात, त्यांच्या वाटेत नको.

महाबलीपुरम: अजून थोडं खाली. शोअर टेम्पलच्या बाजूची लाट देखणी, खाली दगड. तिसरी इयत्ता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आशियाई स्पर्धा इथे झाली आणि रमेश बुदिहालने कांस्य मिळवलं. आपण काठावरून टाळ्या वाजवायच्या.

पुदुच्चेरीच्या सेरेनिटी बीचला दगडी बांध घातलेत, बांधाजवळ ओढ आणि दगड दोन्ही, शिकवणाऱ्याबरोबरच. श्रीलंकेला जाणार असाल तर वेलीगामा हा नवख्यांचा, नोव्हेंबर ते एप्रिल, आणि त्याच किनाऱ्यावर जवळच मिदिगामाला रीफ आहेत, रिक्षावाला उत्साहाने तिथे सोडतो, उतरू नका.

पाण्यात गेल्यावर

फुटायला लागलेल्या टोकाच्या सगळ्यात जवळ जो असेल, लाट त्याची. त्याच्या पुढ्यात घुसणं म्हणजे रांगेत घुसणं, आणि इथे वर बोर्ड लागतो. पडताना पसरून पडा, डोकं खाली नाही, वर येताना आधी हात डोक्यावर. लाट आणि तुम्ही यांच्या मध्ये बोर्ड कधीच आडवा नको. उथळ वाळूत पाय घासत चाला, खाली पाकट लपलेलं असलं तर ते आधीच निघून जातं, पाय उचलून टाकलात तर काटा मारतं.

आणि लीश, म्हणजे घोट्याला बांधायची ती दोरी, भाड्याच्या बोर्डाची हमखास जुनी असते. वेल्क्रो ओढून बघा, बोर्डाकडचा दोरा झिजलाय का बघा. झिजला असेल तर दुसरा बोर्ड मागा, तो म्हणेल काही होत नाही साहेब.